बरे झालेल्यांची भिंत

मणी ट्रॅक्टरवाल्याच्या घोट्याला चिकटला आणि मंडपातली दोन-अडीचशे माणसं एकदम गप्प झाली.

काळाकुळकुळीत, बोराएवढा, एका बाजूनं चपटा दगड. ट्रॅक्टरवाल्यानं पाय हलवला, मग झटकला, तरी तो पडला नाही. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले. मागच्यांनी मोबाइल वर केले.

"हा मणी मी बाजारातून नाही आणला, बाप्पा," गिरिधर महाराज म्हणाले. "पेंचच्या जंगलात एक बुढा नाग मरून राहिला होता. मी त्याले पाणी पाजलं. जाता जाता त्यानं हा माह्या ओंजळीत टाकला. बोलला, गिरिधर, माह्या जातीनं जे जहर देलं, ते तू वापस घेत जा."

मरता मरता नाग इतकं अस्सल नागपुरी बोलला याचं कोणाला नवल वाटलं नाही. मागच्या वर्षी हाच नाग रामटेकच्या डोंगरावर मेला होता, हेही कोणाच्या लक्षात नव्हतं.

"जहर किती खोल गेलं ते मणीले समजते. संपलं का आपोआप गिरते. ना कम, ना ज्यादा. कंप्यूटर हाय हा, कंप्यूटर."

वीस-एक मिनिटांनी मणी टपकन खाली पडला. महाराजांनी तो चिमट्यानं उचलून दुधाच्या वाटीत सोडला. दुधातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.

"पाहून घ्या. जहर उकळून राहिलं."

मंडपात जयजयकार झाला. ट्रॅक्टरवाला उभा राहिला, दोन पावलं चालला, आणि महाराजांच्या पाया पडला. तेवढ्यात एक चेला डबा आणि ब्रश घेऊन मागच्या भिंतीकडे गेला. चुन्यानं रंगवलेल्या त्या लांब भिंतीवर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मणीकृपेने बरे झालेले', आणि खाली ओळीनं नावं आणि गावं. चेल्यानं ट्रॅक्टरवाल्याचं नाव विचारलं आणि ते दोनशे तेराव्या क्रमांकावर लिहिलं.

शेवटच्या रांगेत खांबाला टेकून उत्तरा हे पाहत होती. तिच्या पर्समध्ये पेढ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. ती नागपूरला एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. महाल भागातलं माहेर, धरमपेठेतलं सासर. पारशिवनीच्या पुढच्या या कोलारझरीशी तिचं काही नातं असायचं कारण नव्हतं. पण भिंतीवरचं एकशे एकोणनव्वदावं नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

मागच्या सप्टेंबरात ते चौघं इकडे आले होते. उत्तरा, तिचा नवरा उन्मेष, उन्मेषच्या ऑफिसातला जितेंद्र आणि त्याची बायको. पावसाळा सरत आला की उन्मेषला किड्यांचे फोटो काढायचं वेड लागायचं. एका बांधावर त्यानं चपटा दगड उलटवला. खालून काळं, बारीक, पांढऱ्या आडव्या रेघांचं काहीतरी सळकन निघून गेलं.

"चावला वाटतं," तो अंगठा पाहत म्हणाला. "मुंगी चावल्यासारखं वाटलं. कवड्या असेल. बिनविषारी असतो."

कवड्या आणि जहाल विषारी मण्यार दिसायला जवळपास सारखे. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. अंगठ्यावर रक्ताचा मोहरीएवढा थेंब होता. ना सूज, ना ठणका.

जितेंद्र मूळचा खापा गावचा. त्याच्या घरी तीन पिढ्या साप चावला की मणीवाल्याकडे जायची रीत. तो म्हणाला, "रिस्क कशाला? महाराजांचं ठाणं इथून दोन किलोमीटर आहे. दवाखाना नऊ."

उत्तरा म्हणाली होती, "जाऊन येऊ. काय जातंय?"

मणी अंगठ्याला चिकटला. उत्तरानं हात जोडले. शिकवताना ती मुलांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला लावायची; त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. मणी पडला, दूध उकळलं, उन्मेष हसला. त्यांनी झाडाखाली बसून डबे खाल्ले. तीन तासांनी त्याच्या पोटात दुखायला लागलं. मग तो म्हणाला, पापण्या जड झाल्यात. मग त्याला घोट गिळता येईना. कामठीच्या अलीकडे गाडीत त्याचा श्वास थांबला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं: मण्यार. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, आणि म्हणून माणूस वेळ घालवतो.

त्यानंतर उत्तराला काही वाटेनासं झालं. ती रडली नाही. तेराव्यानंतर चार दिवसांनी शाळेत गेली आणि परावर्तनाचे नियम शिकवले. सासूबाई म्हणायच्या, "अगं, बोल तरी काही." बोलण्यासारखं काही आत सापडत नव्हतं. भाजीत मीठ पडलंय की नाही हे तिला दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहून कळायचं.

जानेवारीत कोणीतरी तिला एक व्हिडिओ पाठवला. महाराजांचा उत्सव, हार, ढोल, आणि मागे ती भिंत. तिनं चित्र थांबवून मोठं केलं. 'उन्मेष, नागपूर.' ती बराच वेळ पाहत राहिली. राग येईल असं वाटलं, आला नाही. मग तिनं जितेंद्रला फोन केला. चार महिन्यांत ते दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"जितेंद्रभाऊ, मला ती सगळी नावं हवी आहेत."

पुढच्या रविवारी तो भिंतीचे फोटो घेऊन तिच्या दारात उभा होता. आत यायला तयार नव्हता. "वहिनी, मीच म्हटलं होतं तिकडे जाऊ म्हणून."

"मी हो म्हटलं होतं," उत्तरा म्हणाली. "चहा घ्या आणि यादी करायला बसा."

त्यानंतर दर रविवारी ते दोघं जितेंद्रच्या जुन्या गाडीतून निघायचे. खापा, सावनेर, पारशिवनीच्या आजूबाजूची गावं, एकदा पार नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांपर्यंत. दार वाजवायचं, नाव विचारायचं, आणि तीनच प्रश्न. साप पाहिला होता का? कसा होता? महाराजांकडून निघाल्यावर काय झालं?

उत्तराच्या जागी दुसरं कोणी असतं तर या उत्तरांनी त्याला झोप लागली नसती. ती वहीत लिहीत गेली. एक म्हातारा म्हणाला, "धामण होती वं बाई, विहिरीतली. पण बायको आयकेना." एकीनं साप पाहिलाच नव्हता, गवतात काहीतरी टोचलं होतं. एका घरी दार उघडणारी सून म्हणाली, "ते त त्याच राती गेले. महाराज म्हणे, तुम्ही घरी जाऊन मीठ खाऊ घातलं, म्हणून उलटलं." तिच्या सासऱ्याचं नाव भिंतीवर एकसष्टावं होतं, बरे झालेल्यांत.

ऑगस्ट संपेपर्यंत दोनशे बारांपैकी एकशे सदतीस जणांचा पत्ता लागला. अठ्ठ्याऐंशी जणांना बिनविषारी साप चावला होता किंवा साप होता की नाही हेच कळलं नव्हतं. अडतीस जण महाराजांच्या पाया पडून, कोणाला न सांगता, सरळ दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन आले होते. अकरा मेले होते.

मण्याचा उलगडा मात्र घरच्या गच्चीवर झाला. उत्तरानं खाटकाकडून बोकडाच्या नळीची हाडं आणली. बेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्या दुकानात गेली होती. हाडाचे तुकडे घासून गुळगुळीत केले, पत्र्याच्या डबीत झाकून निखाऱ्यात पुरले. वास इतका सुटला की शेजारचे अनंतराव वर येऊन विचारून गेले. पहिले दोन तुकडे राख झाले. तिसरा काळाभोर, टणक, हलका निघाला. तिनं टाचणी बोटात टोचली आणि तुकडा रक्तावर ठेवला. चिकटला. हात उलटा केला तरी पडला नाही. सोळा मिनिटांनी गळून पडला. पाण्यात टाकला तेव्हा बुडबुडे आले.

जळलेल्या हाडात सुईच्या टोकाहून बारीक अशी हजारो छिद्रं राहतात. ओल दिसली की ती ओढून घेतात, म्हणून तुकडा चिकटतो. रक्त सुकलं, छिद्रं भरली, की सुटतो. दुधात टाकला की उरलेल्या छिद्रांत दूध शिरतं आणि आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. आठवीच्या पुस्तकातली गोष्ट. उत्तरानं तो तुकडा पेढ्यांच्या डब्यात ठेवला आणि गच्ची झाडून घेतली.

आज ती तो डबा घेऊन आली होती, भाषण करायला नव्हे. भिंतीवरून अकरा नावं पुसा एवढंच तिला महाराजांना सांगायचं होतं. गर्दी पांगायची ती वाट पाहत होती.

गर्दी पांगली नाही. एक मोटरसायकल थेट अंगणात शिरली. चालवणारा चिखलानं भरलेला, मागे एक गडी, आणि दोघांच्या मध्ये एक पन्नाशीची बाई, मान टाकून बसलेली. तिचा डावा पाय घोट्यापासून वर सुजून तकतकीत झाला होता.

"महाराज, माही माय," चालवणारा म्हणाला. "पऱ्हाटीत निंदून राहिली होती. नाग होता. फणा मी सोता पाह्यला."

"किती वेळ झाला?" उत्तरा मागूनच म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

बाईला चटईवर निजवलं. तिचं नाव रुखमाबाई, मुलाचं गौरांग. महाराजांनी मणी पुसला, जखमेवर ब्लेडनं बारीक चीर दिली आणि मणी टेकवला. चिकटला. मंडपातून सुस्कारा सुटला.

उत्तरा पुढे गेली. बाईच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. ती डोळे उघडायला जात होती आणि ते उघडत नव्हते. उत्तरानं हे आधी एकदा गाडीच्या मागच्या सीटवर पाहिलं होतं.

"झोप येऊन राहिली तिले," महाराज म्हणाले. "चांगलं हाय. जहर उतरून राहिलं."

"झोप नाही ती," उत्तरा म्हणाली. "पापण्यांचे स्नायू लुळे पडतायत. नंतर घसा, मग श्वास. गौरांग, आमची गाडी बाहेर उभी आहे. आत्ता निघालो तर पंधरा मिनिटांत दवाखाना."

"तुम्ही कोण, बाई?" महाराजांनी विचारलं.

"शिक्षिका आहे. नागपूरची."

"मास्तरीणबाई, हा शाळेचा विषय नाही," महाराज हसून म्हणाले. मग गौरांगकडे वळले. "मणी काढला त जहर उलटं चढते. मंग मी जिम्मेदार नाही."

गौरांगचा हात आईच्या खांद्यावरून मागे आला. उत्तराला ते दिसलं. भांडून इथे काही होणार नाही, हेही तिला कळलं.

"मणी काढूच नका," ती म्हणाली. "राहू दे पायाला. मण्यासकट दवाखान्यात नेऊ."

गौरांगनं महाराजांकडे पाहिलं. ही तोड बहुतेक त्यांना कधी कोणी सुचवली नव्हती. मग ते म्हणाले, "ठाण्याची शीव ओलांडली का मणी काम बंद करते."

"बसा मंग इथंच," मागून एक जण म्हणाला. "बाईचं नका आयकू गा."

उत्तरानं पर्स उघडली, डबा काढला, साडीच्या पदराची पिन काढून बोटात टोचली. रक्ताचा थेंब आला. तिनं काळा तुकडा त्यावर ठेवला आणि हात उलटा करून सगळ्यांपुढे धरला. तुकडा लटकून राहिला.

"मला साप चावलेला नाही," ती म्हणाली. आवाज वर्गात असतो तसाच होता, ना वर ना खाली. "मग हा कोणाचं विष ओढतोय?"

मग एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या मणीत बी शक्ती असन."

"हे बोकडाचं हाड आहे, आजी. खाटकाकडून आणून गच्चीवर जाळलं. ओल दिसली की चिकटतं, सुकलं की पडतं. कोरड्या खापराचा तुकडा जिभेला लावून पाहा, तोही चिकटेल." तिनं तुकडा सोडवला आणि दुधाच्या वाटीत टाकला. बुडबुडे आले. "आणि ही हवा आहे. विटेचा तुकडा टाकला तरी येते."

महाराजांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "श्रद्धा नाही म्हणूनच तुमचे मालक गेले, बाई. ओळखलं मी तुमाले. मागच्या साली आले होते. मी तवाच म्हटलं होतं, शंका घेऊन येऊ नका."

"शंका नव्हती," उत्तरा म्हणाली. "मी हात जोडले होते." ती भिंतीकडे वळली. "ते गेले हे तुम्हाला माहीत होतं. मग त्यांचं नाव बरे झालेल्यांत का आहे?"

मंडपातली माणसं हळूहळू मान वळवून भिंतीकडे पाहू लागली. तिनं बोट ठेवलं. "एकशे एकोणनव्वद, माझा नवरा. एकसष्ट, त्याच रात्री गेला. सत्त्याऐंशी, दुसऱ्या दिवशी. अशी अकरा आहेत. आम्ही घरोघर जाऊन विचारलंय. बाकीचे बहुतेक धामण, दिवड, कवड्या चावलेले. ते घरी बसून राहिले असते तरी वाचले असते."

"माय," गौरांग खाली वाकून म्हणाला. "माय, डोये उघड वं."

रुखमाबाईनं तोंड उघडलं. शब्द आला नाही, लाळ आली.

त्यानं पुढं कोणाला विचारलं नाही. आईला उचललं आणि गाडीकडे धावला. दोघं-तिघं त्याला धरायला पुढे झाले, पण हात लावायची हिंमत कोणाची झाली नाही. जितेंद्रनं दार उघडून धरलं होतं. उत्तरानं त्याला एवढंच सांगितलं, "कुशीवर झोपवा. दवाखान्यात फोन करते, ते तयार राहतील." गाडी गेली. मणी पायालाच होता. तो वाटेत कुठं पडला, कोणाच्या लक्षात आलं नाही.

फोन झाल्यावर उत्तरा मंडपाच्या पायरीवर बसली. हातांचं काय करावं तिला कळेना. बऱ्याच वेळानं मघाची म्हातारी जवळ आली. तिच्या हातात फुटक्या माठाचा तुकडा होता. तो तिनं जिभेला लावून पाहिला, ओढून काढला, परत लावला.

"चिकटते वं," ती शेजारणीला म्हणाली. शेजारणीनंही लावून पाहिला. मग तो तुकडा रांगेतून फिरत गेला. महाराज आत गेले होते. ट्रॅक्टरवाला उत्तरापाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, माह्यावाला साप पिवळा होता, लांब. पाण्याजवळ."

"धामण किंवा दिवड असेल," ती म्हणाली. "तरी दवाखान्यात दाखवा. ओळखण्यात चूक होते. आमची झाली होती."

संध्याकाळी जितेंद्रचा फोन आला. प्रतिविषाची सलाईन वेळेत सुरू झाली होती. तिथून नळी घालून, डॉक्टर सोबत देऊन, नागपूरला मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. "वहिनी, ती श्वास घेऊन राहिली," तो म्हणाला. उत्तरानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशी रुखमाबाईनं डोळे उघडले. त्याच आठवड्यात उत्तरा आणि एकसष्टाव्या नावाची ती सून, दोघींनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. साप चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे त्या सुनेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. महाराजांवर गुन्हा दाखल झाला. ते जामिनावर सुटले. मंडपाचे पत्रे कोणीतरी काढून नेले.

महिन्याभरानं उत्तरा रुखमाबाईला भेटायला तिच्या गावी गेली. अंगणात आठ-दहा बाया जमल्या होत्या. रुखमाबाईनं पायावरचा व्रण सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "मणीनं अर्धं जहर ओढलं, अर्धं सुईनं. दोघांयनं मिळून वाचवलं मले."

गौरांग संकोचून म्हणाला, "माय, मॅडमनं इतकं समजावून सांगतलं ना."

"राहू दे," उत्तरा म्हणाली. ती रुखमाबाईच्या शेजारी बाजेवर बसली. "रुखमाबाई, उद्या तुमच्या नातीला साप चावला, तर आधी कुठं न्याल?"

रुखमाबाईनं विचार केला. खरंच विचार केला, घाई केली नाही. "दवाखान्यात."

"आणि मणी?"

"टाइम नसन ना तवा मणीसाठी."

बाया हसल्या. उत्तरानं मान हलवली. मग तिनं त्या बायांना सांगितलं ते कोणालाही सांगता येण्यासारखं आहे. साप चावला तर त्याच्यामागे धावू नका, मारू नका. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. दुखत नसलं तरी गाठा, सूज नसली तरी गाठा. सापाच्या विषावर इलाज एकच आहे, प्रतिविषाचं इंजेक्शन, आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. कोणी काही चिकटवून, फुंकून, उकळून दाखवलं, तर त्याला एवढंच विचारा की तुमच्याकडून घरी गेलेली सगळी माणसं दुसऱ्या दिवशी जिवंत होती का, आणि ते तुम्ही जाऊन पाहिलं का.

एकीनं विचारलं, "आणि त्यानं सांगतलं का हो, सारे जित्ते होते, त?"

"तर म्हणा, आम्ही जाऊन विचारतो," उत्तरा म्हणाली. "आणि खरंच जा."